कोड दिसतो, म्हणून गेम ओपन सोर्स होतो का?

गेमच्या दुनियेत अधूनमधून एक बातमी येते: अमुक जुन्या गेमचा कोड कंपनीने सगळ्यांसाठी बाहेर काढला. २०२५ च्या फेब्रुवारीत इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ‘कमांड अँड कॉन्कर’ मालिकेतल्या काही गेम्सचा कोड असाच प्रसिद्ध केला. बातमी आली की ग्रुपवर मेसेज फिरतो, “हा गेम आता ओपन सोर्स झाला!” त्या वेळी ते खरं होतं, कारण तो कोड जीपीएल नावाच्या लायसन्सखाली आला होता. पण पुष्कळदा ते खरं नसतं. कोड दिसतो, डाउनलोड होतो, आपल्या लॅपटॉपवर चालतोसुद्धा, आणि तरीही तो ओपन सोर्स नसतो.

नागपुरात इंजिनिअरिंगच्या आणि बीसीएच्या मुलांशी या विषयावर बोललं की सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. आणि हा गोंधळ महागात पडू शकतो. सहा महिने खपून बनवलेला गेम केवळ पायाभूत कोडच्या लायसन्सपायी कुठेच प्रसिद्ध करता येत नाही, ही वेळ कुणावरही येऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून जरा मुळापासून.

## लायसन्स लागतंच कशाला?

सोर्स कोड म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला, वाचता येणारा मजकूर. आपण खेळतो ती फाइल या मजकुरापासून मशीनसाठी तयार केलेली असते. गेम कसा चालतो हे समजून घ्यायचं किंवा त्यात बदल करायचा, तर हा मूळ मजकूर हातात हवा.

आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृतीतच मोडतो. कथा-कवितेला जे संरक्षण, तेच कोडला. नोंदणी करावी लागत नाही, कुठलं चिन्ह छापावं लागत नाही. कोड लिहिला की हक्क लागू होतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणून दुसऱ्याचा कोड घेताना “मनाई कुठे लिहिली आहे?” असं शोधून उपयोग नाही. परवानगी कुठे लिहिली आहे, ते शोधावं लागतं. ती लेखी परवानगी म्हणजे लायसन्स.

कोड ठेवायच्या आणि वाटायच्या गिटहब या साइटवर लायसन्सची फाइलच नसलेले हजारो प्रकल्प आहेत. मुलं ते बिनधास्त उचलतात. गिटहबच्या अटींप्रमाणे असा सार्वजनिक कोड तुम्ही तिथल्या तिथे पाहू शकता, त्याची तिथेच प्रत करू शकता. त्यापलीकडे लेखकाने तुम्हाला काहीही दिलेलं नसतं.

## “सर, कोड तर दिसून राहिला, मग ओपन नाही कसा?”

हा प्रश्न अगदी रास्त आहे. कॉलेजात एकांकिका केलेल्या कुणालाही त्याचं उत्तर पटकन कळेल. नाटकाचं पुस्तक सीताबर्डीवरच्या दुकानात मिळतं, वाचनालयातही मिळतं. पहिलं पान उलटलं की बारीक अक्षरात मजकूर असतो: प्रयोगाचे, भाषांतराचे, रूपांतराचे हक्क लेखकाकडे, लेखी परवानगीशिवाय प्रयोग करू नये. राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं तर लेखकाची परवानगी जोडावी लागते. संवाद तोंडपाठ आहेत म्हणून प्रयोग लावता येत नाही, आणि शेवट पटला नाही म्हणून तो बदलून छापताही येत नाही.

वाचायला मिळणं वेगळं आणि प्रयोग करायला, बदलायला, पुढे द्यायला मिळणं वेगळं. ज्या कोडचं फक्त वाचन खुलं आहे आणि बाकी हक्क मालकाने राखून ठेवले आहेत किंवा अटींनी बांधले आहेत, त्याला ‘सोर्स अव्हेलेबल’ म्हणतात.

ओपन सोर्सची कसोटी याहून कडक आहे. १९९८ च्या सुरुवातीला नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा कोड खुला करायचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था उभी राहिली. लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम वाटणाऱ्या डेबियन या प्रकल्पाने आधीच ठरवलेल्या नियमांवरून तिने दहा कलमांची व्याख्या बांधली. त्यातली गेमच्या वादात वारंवार येणारी मोजकीच: प्रत कुणालाही वाटता आली पाहिजे, विकतासुद्धा आली पाहिजे, बदल करून बदललेली आवृत्ती वाटता आली पाहिजे, आणि पाचव्या-सहाव्या कलमाप्रमाणे माणूस कोण आणि तो कोड कशासाठी वापरतो, यावरून भेदभाव करता येणार नाही. ‘फक्त शिक्षणासाठी’, ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’, ‘धंद्यासाठी नाही’ असं लिहिलेलं लायसन्स सहाव्या कलमावरच अडतं.

## डूमचा कोड दोनदा खुला झाला

या विषयातलं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण म्हणजे १९९३ साली आलेला डूम. तो बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने २३ डिसेंबर १९९७ रोजी त्याचा सोर्स कोड प्रसिद्ध केला. लोक खेळले होते ती मुख्यतः डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरची आवृत्ती, पण बाहेर आला तो लिनक्सचा कोड. कारण डॉसच्या आवृत्तीतली आवाजाची लायब्ररी, म्हणजे आवाजासाठीचा तयार कोड, दुसऱ्याच्या मालकीची होती आणि ती वाटायचा हक्क आयडीला नव्हता. स्वतःचा गेम खुला करतानाही दुसऱ्याच्या लायसन्सने वाट अडवली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्या पहिल्या खेपेचं लायसन्स बिगरनफ्याचं होतं. शिका, बदला, पण त्यावर पैसे कमवू नका. म्हणजे १९९७ चा डूम सोर्स अव्हेलेबल होता. १९९९ मध्ये तोच कोड जीपीएलखाली पुन्हा दिला गेला आणि तेव्हा तो ओपन सोर्स झाला. कोड तोच, बदललं ते परवानगीचं पान.

आणि इथे आणखी एक गाठ आहे. जीपीएल लागू झालं ते कोडला. गेममधले नकाशे, राक्षस, चित्रं आणि संगीत ज्या फाइलमध्ये असतं ते आजही मालकाचंच आहे. म्हणून फ्रीडूम नावाच्या प्रकल्पात लोकांनी हे सगळं नव्याने बनवलं, म्हणजे कोड आणि कला दोन्ही खुले असलेला पूर्ण गेम मिळावा. ‘डूम ओपन सोर्स आहे’ असं कुणी म्हटलं की मी विचारतो, कोड की अख्खा गेम? गेमच्या बाबतीत हा प्रश्न फार कामाचा आहे, कारण एकाच फोल्डरमध्ये चार वेगवेगळी लायसन्स असू शकतात: कोडचं एक, चित्रांचं दुसरं, संगीताचं तिसरं, अक्षरांच्या फाँटचं चौथं. शिवाय गेमचं नाव आणि लोगो ट्रेडमार्कखाली येतात, ते वेगळंच. ‘कमांड अँड कॉन्कर’चा कोड जीपीएल आहे म्हणून त्या नावाने नवा गेम काढता येणार नाही.

## फक्त पैसे कमवू नका म्हटलं, तर काय बिघडलं?

ऐकायला ही अट अगदी न्याय्य वाटते. मी फुकट दिलं, दुसऱ्याने त्यावर पैसे का कमवावे? भावना समजते. पण ही अट प्रत्यक्षात कशी चालते ते जवळून पाहू.

समजा, चार मुलांनी मारबतीवर, म्हणजे नागपुरात इडापिडा घालवायला मिरवणुकीने नेतात त्या पुतळ्यावर, गेम काढायचा ठरवला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीच्या गर्दीतून पिवळी मारबत पुढे न्यायची, मधे आडवे येणारे बडग्यांचे पुतळे ओलांडायचे, नेहरू पुतळ्याजवळ काळ्या मारबतीला गाठायचं आणि वेळ संपायच्या आत दहनाच्या जागी पोचायचं. मागे “इडा पीडा घेऊन जा गे मारबत”चा घोष. उड्या मारणं, धडकणं, कॅमेरा फिरणं हे सगळं त्यांनी एका तयार प्रकल्पातून घेतलं. लायसन्सच्या फाइलमध्ये एकच ओळ: फक्त बिगरव्यावसायिक वापरासाठी.

कॉलेजच्या प्रोजेक्टपर्यंत सगळं ठीक. पुढे मोबाइलच्या स्टोअरवर टाकायचा आणि खाली छोटी जाहिरात ठेवायची, हा व्यवसाय झाला का? टेकफेस्टमध्ये ५० रुपये प्रवेश फी घेऊन खेळायला ठेवला तर? एखाद्या मंडळाने स्टॉल दिला आणि मागे स्पॉन्सरचं बॅनर लागलं तर? खासगी क्लासमध्ये सरांनी हाच कोड शिकवला आणि क्लासची फी आहे, मग? यूट्यूबवर तो कसा बनवला हे दाखवलं आणि त्या व्हिडिओवर उत्पन्न आलं तर? व्यवसाय कुठे सुरू होतो ही रेघ ते लायसन्स आखून देत नाही. विचारायचं तर कोड लिहिणारा कुठल्यातरी दुसऱ्या देशात, दहा वर्षांपूर्वीचा ईमेल पत्ता, आणि उत्तर नाही. ज्याला नियम पाळायचे आहेत तोच अडतो. ज्याला पाळायचे नाहीत तो तसाही चोरून वापरतो.

दुसरी अडचण तांत्रिक आहे. जीपीएलखालचा कोड दुसऱ्या कोडशी जोडून वाटायचा असेल तर वर आणखी बंधनं लादता येत नाहीत. बिगरव्यावसायिक अट हे असंच जादा बंधन. म्हणजे असा कोड जीपीएलच्या प्रचंड साठ्याशी जोडून कायदेशीरपणे वाटताच येत नाही. तो एका बाजूला एकटा पडतो.

आणि ही अट नसेल तर काय घडू शकतं, याचं मला फार आवडणारं उदाहरण म्हणजे पिक्सेल डंजन. वाताबू या टोपणनावाने काम करणाऱ्या डेव्हलपरचा हा छोटा मोबाइल गेम. त्याने कोड जीपीएलखाली खुला केला. २०१४ मध्ये एव्हन डेबेनहॅम या दुसऱ्याच माणसाने तो कोड घेऊन शॅटर्ड पिक्सेल डंजन सुरू केला. तो गेम वर्षानुवर्षं वाढत गेला, आज स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात रीतसर विकला जातो, आणि त्याचाही कोड जीपीएलखाली उघडा आहे. त्यावरून आणखी लोकांनी आपापले गेम काढले. मूळ लायसन्समध्ये ‘पैसे कमवू नका’ ही अट असती, तर दुसऱ्या माणसाला त्या गेमला इतकी वर्षं वाहून घेणं कसं परवडलं असतं? एखाद्या छंदाचं काम फावल्या वेळात किती दिवस चालणार? पैसे मिळण्याची शक्यता राहिली, म्हणून तो कोड जिवंत राहिला.

## पण जीपीएललाही अटी आहेतच की!

आहेत. बदललेली आवृत्ती वाटलीत तर तिचा सोर्स कोडही त्याच लायसन्सखाली द्या, ही मुख्य अट. एमआयटी लायसन्सची अट त्याहून सोपी: मूळ लेखकाची कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर सोबत ठेवा, बस. ओपन सोर्स म्हणजे बिनअटीचं, असं कुणीच म्हणत नाही. या अटी सांगतात की पुढे देताना कसं द्यायचं. तुम्हाला मिळालं ते पुढच्यालाही मिळावं, एवढीच त्यांची काळजी. बंधनं घालणारी गेम लायसन्स मात्र वापरणारा कोण आणि कशासाठी वापरतो यावर पहारा बसवतात, आणि व्याख्या तिथेच नाही म्हणते.

## वाईट कामाला वापरू नका, एवढंही लिहू नये?

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. आपण प्रेमाने लिहिलेला पत्त्यांच्या गेमचा कोड उद्या जुगाराच्या अॅपमध्ये दिसला तर कुणालाही त्रास होईल.

जेसन या माहिती लिहिण्याच्या पद्धतीशी संबंधित सॉफ्टवेअरसाठी डग्लस क्रॉकफोर्डने वापरलेल्या लायसन्समध्ये एक ओळ होती: हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नाही. हेतू निर्मळ. पण डेबियनने ते लायसन्स मुक्त मानलं नाही, कारण चांगलं-वाईट ठरवणार कोण? एकाला दारूगोळ्याचा कारखाना वाईट वाटतो, दुसऱ्याला तंबाखू, तिसऱ्याला मटण. प्रत्येक लेखकाने आपापली यादी जोडली तर दहा प्रकल्पांतून बनलेल्या एका गेमला दहा याद्या पाळाव्या लागतील.

जुगार रोखायला कायदा आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. ते काम कायद्याचं आहे. एका हौशी प्रोग्रामरच्या लायसन्समधली ओळ सट्टेबाजाला थांबवू शकत नाही. ती थांबवते ती सरळ माणसाला, कारण वाचून घाबरतो तोच.

## ही व्याख्या ठरवणारे हे कोण?

‘ओपन सोर्स’ या शब्दांवर कुणाचीही मालकी नाही. ओपन सोर्स इनिशिएटिव्हलाही त्यांचा ट्रेडमार्क मिळालेला नाही. म्हणून उद्या कुणी बंधनं घालणाऱ्या लायसन्सला ओपन सोर्स म्हटलं तर केवळ तेवढ्यावरून पोलीस येत नाहीत.

तरीही ही व्याख्या चालते, कारण ती सगळीकडे गृहीत धरून कामं होतात. आपल्या केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्स सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण जाहीर केलं. त्यातही कोड अभ्यासता, बदलता आणि मूळ किंवा बदललेल्या स्वरूपात वाटता आला पाहिजे, त्यावर रॉयल्टी नको, असंच म्हटलं आहे. आयटी पार्कमधली किंवा मिहानमधली एखादी कंपनी तुमचा कोड घेते तेव्हा तिचा वकील ‘ओपन सोर्स’ हे शब्द वाचून याच अर्थाने होकार देतो. शब्द एक आणि आतल्या अटी वेगळ्या निघाल्या, तर फसतो तो विश्वास ठेवणारा.

## मग गेम बनवणाऱ्याने खायचं काय?

बंधनं घालणारं लायसन्स देणं हा गुन्हा नाही. कष्ट ज्याचे, हक्क त्याचा. पिक्सेल चित्रं काढायला गेमवाली मुलं जे अॅसप्राइट वापरतात, त्याचं लायसन्स २०१६ मध्ये जीपीएलवरून बदललं. आज त्याचा कोड पाहता येतो, स्वतःपुरता कंपाइल करून, म्हणजे चालणारी फाइल बनवून, वापरता येतो, वाटता येत नाही. बनवणाऱ्याने पोटासाठी घेतलेला तो निर्णय आहे आणि मला तो गैर वाटत नाही. पण आधीच्या जीपीएल आवृत्तीवरून काही जणांनी लिब्रेस्प्राइट नावाने वेगळा प्रकल्प चालू ठेवला, हेही तितकंच बघण्यासारखं आहे. मालकाने पुढचं दार लावलं तरी आधी दिलेली परवानगी परत घेता आली नाही.

मालकाला परवानगी बदलता येते तेव्हा काय होतं, ते सप्टेंबर २०२३ मध्ये जगाने पाहिलं. युनिटी या गेम इंजिनच्या, म्हणजे गेम ज्यावर उभा करतात त्या तयार सॉफ्टवेअरच्या, कंपनीने, गेम जितक्यांदा इन्स्टॉल होईल त्यावर शुल्क लावायचं जाहीर केलं. जगभर संताप उसळला, अटी सौम्य झाल्या, आणि वर्षभराने ते शुल्क रद्दच झालं. पण त्या काळात ज्यांचे गेम अर्धे तयार होते त्यांच्या जिवाची घालमेल झालीच. अनरिअल इंजिनचा कोड नोंदणी करून पाहता येतो, मात्र एका गेमचं उत्पन्न १० लाख डॉलरच्या वर गेलं की वरच्या रकमेवर साधारण ५ टक्के रॉयल्टी. गोडो हे इंजिन २०१४ पासून एमआयटी लायसन्सखाली आहे. उद्या गोडो चालवणाऱ्यांचं मन बदललं, तरी तुमच्या हातातली आवृत्ती तुमच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. तिन्ही इंजिनं उत्तम आहेत. निवडताना एवढा फरक माहीत असावा.

कोड खुला ठेवून कमावणारेही आहेत. माइंडस्ट्री हा गेम जीपीएलखाली आहे आणि स्टीमवर विकतही मिळतो. लोक तयार, नीट अपडेट होणाऱ्या गेमसाठी आनंदाने पैसे देतात. कोड जीपीएलखाली आणि चित्रं-संगीत स्वतःकडे राखून ठेवणं, हाही चालणारा मार्ग आहे.

## डाउनलोड करण्याआधी

रीडमी या प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलमधल्या ‘ओपन सोर्स’ या शब्दांवर थांबू नका, लायसन्सची फाइल उघडा. वर एमआयटी, अपाचे, बीएसडी, एमपीएल, जीपीएल किंवा एलजीपीएल असं ओळखीचं नाव असेल तर बहुतेक वेळा निर्धास्त. कुणी स्वतः बनवलेलं लायसन्स असेल तर पूर्ण वाचा, आणि ‘नॉन-कमर्शियल’, ‘पर्सनल यूज’, ‘एज्युकेशनल पर्पजेस ओन्ली’ हे शब्द दिसले तर तो कोड शिकायला वापरा, गेमचा पाया म्हणून घेऊ नका. सोबत चित्रांच्या आणि आवाजाच्या फोल्डरमध्ये वेगळी फाइल आहे का, तेही पाहा. क्रिएटिव्ह कॉमन्सची लायसन्स चित्रं आणि संगीतासाठी चांगली. कोडसाठी ती वापरू नका, असं ती बनवणारी संस्थाच सांगते.

तुम्ही स्वतः कोड टाकणार असाल तर हा निर्णय पहिल्या दिवशी घ्या, कारण नंतर तो फार कष्टाचा होतो. जुन्या आर्केड गेम्सना जपणारा मेम (MAME) हा प्रकल्प १९९७ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या लायसन्समध्ये व्यावसायिक वापराला मनाई होती. ती उठवायची ठरली तेव्हा इतक्या वर्षांत ज्यांनी ज्यांनी कोड दिला होता त्यांना शोधून संमती घ्यावी लागली. मार्च २०१६ मध्ये मेम अखेर ओपन सोर्स झाला. चौघांच्या गटात हेच काम एका संध्याकाळी उरकतं: लायसन्स ठरवायचं, प्रत्येकाची लेखी संमती घ्यायची आणि ती फाइल पहिल्या कमिटमध्ये, म्हणजे कोडच्या पहिल्याच नोंदीत, टाकायची. बंधनं हवीच असतील तर रीडमीत ‘सोर्स अव्हेलेबल’ असं लिहायचं, आणि व्यावसायिक परवानगीसाठी चालू असलेला ईमेल पत्ता त्याच्याच खाली द्यायचा.